नगरसेवकाचं पत्र

गेली साडेपाच वर्षं आमच्या शिरवण्यात दोनच प्रकारचे नगरसेवक होते, माजी आणि भावी. आजी कुणीच नव्हता. माजींचे फलक गणपतीत आणि दिवाळीत लागायचे, भावींचे बारा महिने. ईदला दोघांचेही लागायचे. वर चांद-तारा, खाली हात जोडलेला फोटो. वाढदिवसाच्या फलकावर 'कार्यसम्राट' छापलेलं असायचं. कार्य कोणतं, हे विचारायची सोय नव्हती. कारण ज्यांना विचारायचं, ते कायद्याने कुणीच नव्हते.

हे असं का झालं ते थोडक्यात सांगतो. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली, १११ नगरसेवक निवडून आले. त्यांची मुदत मे २०२० मध्ये संपली. तेव्हा कोरोना होता, निवडणूक घेता येण्यासारखी नव्हती, म्हणून कारभार प्रशासकाकडे गेला. इथपर्यंत कुणाची तक्रार असण्याचं कारण नव्हतं. पण कोरोना गेला तरी निवडणूक आली नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी सांगितली. मग आयोग, त्याचा अहवाल, प्रभागरचना एका सरकारची, नंतर दुसऱ्या सरकारची, त्यावर याचिका, तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला. त्यालाही मुदतवाढ मिळाली आणि १५ जानेवारी २०२६ ला आम्ही मतदान केलं.

आता हिशेब करा. संविधानाच्या २४३-यू कलमात लिहिलंय की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आमच्याकडे मधला खंडच पाच वर्षं आठ महिन्यांचा. म्हणजे नगरसेवकांची एक अख्खी टर्म आली नाही आणि गेलीही नाही. २०२० साली तेरा वर्षांचं असलेलं पोर या निवडणुकीत मतदार झालं. त्याच्या डोळ्यांदेखत महासभा नावाची गोष्ट कधी भरलीच नाही.

या काळात शहर थांबलं का? नाही. मोरबे धरणाचं पाणी नळाला येत होतं, घंटागाडी येत होती, दिवाबत्ती चालू होती. म्हणून सेक्टरमधल्या सोसायट्यांमध्ये राहणारे माझे काही मित्र म्हणतात, "काय फरक पडला? उलट बरं झालं. नगरसेवक म्हणजे टक्केवारी." त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण फरक पडला. कुणाला पडला, ते सांगण्यासाठी मला गावठाणात यावं लागेल.

शिरवणे म्हणजे जुईनगर स्टेशनच्या जवळचं जुनं आगरी गाव. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, त्याच्या पलीकडे एमआयडीसी, अलीकडे सिडकोचे आखीव सेक्टर. मधे गावठाण, जिथे एका घराच्या गॅलरीतून समोरच्या घरातली भाजी ढवळता येईल. मूळ गावकऱ्यांनी आपल्या घरांवर मजले चढवले आणि त्या खोल्यांत आम्ही राहतो. आम्ही म्हणजे कंपनीत बारा तास उभे राहणारे, तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोण्या वाहणारे, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया. कुणी उदगीरचं, कुणी नांदेडचं, कुणी कोकणातलं, कुणी बस्ती-गोरखपूरचं. माझे अब्बा उदगीरकडून इथे कारखान्यात कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात दखनी, दाराबाहेर मराठी. मराठी लिहिता येतं म्हणून गल्लीतले लोक अर्ज लिहायला माझ्याकडे येतात. हा माझा धंदा नाही, पण त्यामुळे एक झालं. लोकांना लोकप्रतिनिधीकडून नेमकं काय हवं असतं, हे मला भाषणांतून नाही, अर्जांतून कळत गेलं.

आमच्या मजल्यावर एक खाला राहतात. नांदेड जिल्ह्यातल्या. त्यांचे मियां मार्केटात हमाल होते, दुसऱ्या लाटेत गेले. मूलबाळ नाही. खालाच्या आधारकार्डावर पत्ता अजून माहेरच्या गावाचा. निराधार योजनेचा अर्ज करायचा तर आधी इथला पत्ता पाहिजे. पत्त्यासाठी पुरावा पाहिजे. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार नाही, कारण आमच्याकडे खोली तोंडी शब्दावर मिळते. राहता राहिलं एक, आधारसाठी ठरलेल्या नमुन्यातला रहिवासाचा दाखला. त्यावर खासदार, आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी सही करू शकतो. म्हणजे ज्याच्याकडे कसलाच कागद नाही, त्याच्यासाठी सरकारने कागदाच्या जागी माणूस ठेवलाय. तो माणूस म्हणतो, "मी हिला ओळखतो, ही इथेच राहते."

खाला एका केंद्रावर गेल्या. तिथे सांगितलं, "नगरसेवकाचं पत्र आणा." खालांनी विचारलं, "नगरसेवक कौन है अब?" उत्तर मिळालं नाही. त्या माजींकडे गेल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी चहा पाजून लेटरहेडवर पत्र दिलं, पण लेटरहेडवर 'माजी' छापलेलं. केंद्रावर ते परत केलं. नियमाने बरोबरच होतं. खाला माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बेटा, कित्ते चक्कर मारूं? मैं जिंदा हूं, येइच रहती हूं, पर बोलनेवालाच कोई नईं."

बोलणारा कुणी नाही. मला वाटतं, लोकप्रतिनिधी नसणं म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या घटनेच्या पुस्तकातही नसेल.

शेवटी माझ्या ओळखीतल्या एकाच्या ओळखीने एका राजपत्रित अधिकाऱ्याची सही मिळाली. सगळं मिळून सात महिने गेले. महिना दीड हजाराची रक्कम, सात महिने. काम झालं याचा आनंद झाला, पण एक गोष्ट मनातून जात नाही. जे खालाला हक्काने मिळायचं होतं, ते ओळखीने मिळालं. ज्यांच्या शेजारी अर्ज लिहिणारा कुणी राहत नाही, त्यांचं काय झालं असेल?

ज्या योजनेसाठी खाला फिरल्या ती संजय गांधी निराधार योजना १९८० ची आहे. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले, रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे. या माणसाबद्दल आपल्या लोकांत दोन टोकं आहेत. कुणी त्यांना डोक्यावर घेतं, कुणाला फक्त सिमेंट आठवतं. दोन्ही खरं आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांना खुर्ची सोडावी लागली, आणि त्याच दीड वर्षाच्या कारकिर्दीत १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हेही झाले. मला त्यांचा हिशेब इथे मांडायचा नाही. मला एवढंच दिसतं की चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही विधवा, अपंग, निराधार माणूस त्या योजनेच्या खिडकीपुढे उभा राहतो. त्या रांगेत खाला असतात आणि त्यांच्या पुढे-मागे कांबळे, पाटील, गुप्ता असतात. लोकप्रतिनिधी जातो, पद जातं, बदनामीही विसरली जाते. केलेला नियम राहतो.

यावरून मला आपल्या मोहल्ल्यातल्या एका नेहमीच्या वादाकडे यायचं आहे. निवडणूक आली की चहाच्या टपरीवर, नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एकच चर्चा सुरू होते, "अपना आदमी पाहिजे." आकडे पाहिले तर ही भावना समजते. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार निवडून आले. त्याच वर्षी लोकसभेत महाराष्ट्रातून एकही नाही. एवढ्या मोठ्या समाजाचा आवाज सभागृहात इतका क्षीण असेल, तर माणूस आपलं कुणी शोधणारच. मी त्याला जातीयवाद म्हणत नाही. पेशवाईपासून पंचायतीपर्यंत प्रत्येक समाजाने हेच केलंय.

पण 'अपना' कुणाला म्हणायचं? कागलकडे बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या मतदारसंघातून हसन मुश्रीफ १९९९ पासून सहा वेळा निवडून आले. तिथे मुसलमानांच्या मतांवर कुणी निवडून येऊ शकत नाही, तेवढी मतंच नाहीत. त्यांच्या राजकारणाबद्दल, पक्ष बदलण्याबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो. पण गावातला कुणी आजारी पडला की मुंबईच्या दवाखान्यात खाट मिळवून देणारा माणूस, ही त्यांची ओळख विरोधकही नाकारत नाहीत. कागलच्या शेतकऱ्याने 'अपना आदमी'ची व्याख्या आपल्यापेक्षा सोपी केलीय. जो अडीअडचणीला फोन उचलतो, तो आपला.

याची मुळं जुनी आहेत. बद्रुद्दीन तय्यबजी १८७३ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून गेले. फिरोजशहा मेहता पारशी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हिंदू आणि तय्यबजी मुसलमान, ही त्रयी मुंबईच्या सार्वजनिक जीवनात एकत्र उभी होती. तेव्हा मताचा हक्क कर भरणाऱ्या मूठभरांना होता. आज तो खालालाही आहे. मग अपेक्षाही मोठी नको का?

उलट बाजूही सांगतो. 'अपना आदमी' या शब्दाचा व्यापार आमच्यातच होतो. निवडणुकीच्या आठ दिवस आधी कुणीतरी दोघं-तिघं उठतात आणि सांगतात की मोहल्ल्याची मतं आमच्या हातात आहेत. मोहल्ल्याला विचारलं कुणी? खालाला विचारलं? मत ही अमानत आहे, हे आम्हीच वाझमध्ये ऐकतो. दुसऱ्याची अमानत परस्पर विकणाऱ्याला काय म्हणतात, हेही आम्हाला माहीत आहे.

आता आमच्या शहरातल्या एका प्रसंगाकडे येतो, ज्याने मला बराच काळ विचारात टाकलं. मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे नवी मुंबईचे आयुक्त झाले. वक्तशीर, कडक, कुणाचा फोन न ऐकणारे. सकाळी बागेत 'वॉक विथ कमिशनर' भरवायचे, लोक रांगेने तक्रारी मांडायचे. अनधिकृत बांधकामांवर त्यांनी हातोडा चालवला. नगरसेवकांशी त्यांचं जमेना. ऑक्टोबर २०१६ मध्ये महासभेने त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव मंजूर केला, १०४ विरुद्ध ६. एरवी एकमेकांचे गळे धरणारे पक्ष त्या दिवशी एका बाजूला होते. सरकारने लगेच काही केलं नाही, पण मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झालीच.

त्या वेळी सेक्टरमधले लोक मुंढेंच्या बाजूने रस्त्यावर उतरले. लोकांनी निवडून दिलेले एकशे चार विरुद्ध कुणीच न निवडलेला एक, आणि टाळ्या त्या एकाला! यातच नगरसेवकांनी आपलं नाव किती घालवलं होतं ते कळतं. सुशिक्षित नागरिकाची अपेक्षा साधी होती. नियम सगळ्यांना सारखा लावा, पैसे खाऊ नका, वेळेवर या. निवडून आलेल्यांकडून हे मिळत नाही, मग अधिकाऱ्याकडून का घेऊ नये?

पण त्याच दिवसांत गावठाणात कुणाला झोप नव्हती. आमच्या घरमालकीण, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, त्या रोज सकाळी विचारायच्या, "आज गाडी कुठं गेली रं?" गाडी म्हणजे जेसीबी. त्यांची गोष्ट साधी आहे. सासऱ्यांची भातशेती होती, ती शहरासाठी गेली. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. वाढत्या कुटुंबाला गावठाणाची हद्द वाढवून मिळाली नाही, म्हणून वर मजला चढवला, मग आणखी एक. खाली पोरं, वर भाडेकरू. शेती गेल्यावर भाडं हेच पीक. सरकारी भाषेत याला 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात आणि ती नियमित करण्याचे शासन निर्णय एकामागून एक निघत आलेत. आईंच्या हातात अजून पक्का कागद नाही.

आणि ते अनधिकृत घर पडलं तर पहिल्यांदा रस्त्यावर कोण येणार? मी, खाला, वरच्या मजल्यावरची कंपनीतली पोरं. नवी मुंबईच्या सेक्टरमधलं भाडं आम्हाला परवडत नाही. शहराने आमच्यासाठी घर बांधलं नाही, ते आईंनी बांधलं, नियम मोडून. म्हणून १०४ विरुद्ध ६ हा आकडा मला एका रंगाचा दिसत नाही. त्या १०४ मध्ये ठेकेदारीचे हितसंबंध जपणारे असतील, आणि आईंच्या झोपेसाठी हात वर करणाराही एखादा असेल.

पण इथेच थांबलो तर अप्रामाणिक होईल. आमच्या गल्लीत अग्निशमनची गाडी शिरत नाही. वीजमीटरांचं जंजाळ जिन्याखाली आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, ती आतून काय खाते कुणाला माहीत. जो लोकप्रतिनिधी फक्त म्हणतो की कुणी हात लावणार नाही, मी आहे, तो आईंचं मत घेतो आणि आमचा जीव टांगणीला ठेवतो. बुलडोझर थांबवणं हे अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे मोजणी, नकाशा, गल्लीची रुंदी, धोकादायक इमारतींची तपासणी, पुनर्विकासात मूळ मालकाबरोबर भाडेकरूचंही नाव. हे काम कंटाळवाणं असतं, त्याचा फलक लागत नाही. म्हणून ते होत नाही.

ते करून दाखवणारा माणूस याच मातीत होऊन गेला. दि. बा. पाटील उरण तालुक्यातल्या जासईचे, वकील, शेतकरी कामगार पक्षाचे, पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार. नव्या शहरासाठी ठाणे आणि रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, १९७० मध्ये सिडको आली. शेतकऱ्याच्या हातात पडणारा मोबदला आणि त्याच जमिनीचा बाजारात होणारा भाव यांची तुलनाच नव्हती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्या रक्तातून जो हक्क उभा राहिला तो साडेबारा टक्क्यांचा. जमीन घेतली तर तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. आज नव्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून लाखभर लोक रस्त्यावर येतात, ते उगाच नाही.

दिबांकडून मी एक गोष्ट घेतो. त्यांनी लोकांच्या दुःखाला आकडा दिला. नुसतं अन्याय झाला म्हणून ओरडणं सोपं असतं. साडेबारा टक्के हे म्हणायला कायदा वाचावा लागतो, जमिनीचा हिशेब मांडावा लागतो, सरकारपुढे टेबलावर बसावं लागतं आणि गरज पडली तर रस्त्यावर पहिल्या रांगेत उभं राहावं लागतं. लोकप्रतिनिधीचं शिक्षण किती, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. मला पदवी नको. आपल्या गल्लीचं दुःख टक्क्यात, चौरस मीटरमध्ये, रुपयात मांडता येतं का, एवढं मला बघायचंय.

या १५ जानेवारीला आम्ही चार मतं दिली. २०१५ पर्यंत नवी मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक होता. आता चारजणांचा प्रभाग झालाय. मतदान केंद्रातून बाहेर आल्यावर आईंनी विचारलं, "चार जणांस्नी दिलं, आता गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाकडं जायचं?" मला उत्तर देता आलं नाही. चारजण जबाबदार म्हणजे अनेकदा कुणीच नाही. श्रेय घ्यायला चौघं येतील, तक्रार आली की प्रत्येकजण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवेल. ही भीती आहे. ती खोटी ठरावी, हीच पहिली अपेक्षा.

आता बाकीच्या अपेक्षा लिहितो. मोठ्या नाहीत. चौघांनी मिळून प्रभाग आपसात वाटून घ्यावा आणि कोणती गल्ली कुणाची, हे एका फळ्यावर लिहून गावठाणात लावावं. आठवड्यातला एक दिवस, एक वेळ, एक जागा ठरवावी आणि तिथे बसावं. काम झालं नाही तरी चालेल, पण माणूस सापडला पाहिजे. खालासारख्यांच्या दाखल्यासाठी पैसे, पक्ष, धर्म, गाव विचारू नये. ती इथे राहते की नाही, एवढंच विचारावं.

महासभेत किती दिवस हजर होतो, कोणता प्रश्न विचारला, निधी कुठे लावला, हे वर्षातून एकदा छापून द्यावं. वाढदिवसाच्या एका फलकाच्या खर्चात हे होईल. आणि क्षेत्रसभा घ्यावी. बऱ्याच जणांना हा शब्दच माहीत नसतो. गावाला ग्रामसभा असते तशी शहराला क्षेत्रसभा असावी, म्हणून २००९ मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात तरतूद झाली. त्या भागातले मतदार एकत्र बसतील, कामं सुचवतील, जाब विचारतील. मी इतकी वर्षं शिरवण्यात राहतो, अशी सभा भरलेली पाहिली नाही. हळदीकुंकू पाहिलं, इफ्तार पाहिली, क्रिकेटचे सामने पाहिले. इफ्तार जरूर द्या, बरकत होवो. पण एक क्षेत्रसभा दहा इफ्तारींपेक्षा मला जास्त गोड लागेल.

आपण लोकांनी काय करायचं, तेही सांगायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत निम्मे चुकीच्या दाराला जाणारे असतात. गटारासाठी खासदाराला पत्र, कायद्यातल्या बदलासाठी नगरसेवकाला. गटार, पाणी, कचरा, पालिकेची शाळा आणि दवाखाना नगरसेवकाला विचारा. भाड्याच्या घरांचा कायदा, गावठाणाचं नियमितीकरण, निराधारची रक्कम वाढवणं हे आमदाराला विचारा, कारण ते विधानसभेत ठरतं. रेल्वे खासदाराला विचारा. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो, पण तो काही त्याचं मुख्य काम नाही. त्याचं काम दिल्लीत कायदा करणं आणि सरकारला प्रश्न विचारणं. लग्नाला आला नाही म्हणून आमदारावर रुसायचं आणि अधिवेशनात तोंड उघडलं नाही याची दखलही घ्यायची नाही, असं आपण करतो. मग तेही लग्नं सांभाळतात. जशी मागणी, तसा माल.

आणि ज्यांना वाटतं आपल्या एका मताने काय होतं, त्यांच्यासाठी आमच्याच मतदारसंघातला एक आकडा. २०२४ मध्ये बेलापूर विधानसभेचा निकाल ३७७ मतांनी लागला. लाखाला थोडी कमी मतं या बाजूला, जवळपास तेवढीच त्या बाजूला, मधे ३७७. आमच्या गावठाणातल्या दोन गल्ल्यांत याहून जास्त माणसं राहतात. त्यातल्या किती जणांचं नाव इथल्या मतदारयादीत आहे? कंपनीतल्या पोरांपैकी बहुतेकांची नावं अजून गावच्या यादीत. राहतात इथे, पाणी पितात इथलं, गटाराचा वास घेतात इथला, आणि मत देतात चारशे किलोमीटरवर, तेही सुट्टी मिळाली तर. ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्या दारात उमेदवार का येईल? म्हणून आता अर्ज लिहायला कुणी आलं की मी आधी नाव नोंदवण्याचा फॉर्म पुढे करतो.

खालाचं नाव या वेळी यादीत होतं. बुरख्याच्या बाहीतून शाईचं बोट काढून त्यांनी मला दाखवलं आणि विचारलं, "अब तो खत मिलेंगा ना, बेटा? पक्कावाला? माजी लिखेला नईं?"

मिळायला हवं, खाला. चौघांपैकी ज्याच्याकडे तुम्ही जाल त्याने तुम्हाला आधी बसायला खुर्ची द्यावी आणि मग सही करावी. एवढ्यासाठीच आपण त्याला तिकडे पाठवलंय.